चेंडू झेलणाऱ्यांचे आकडे : अमेरिकन फुटबॉलमधील रिसीव्हिंग विक्रमांचा आढावा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू झेलणाऱ्या खेळाडूची, म्हणजे रिसीव्हरची, कामगिरी तीन आकड्यांत मोजतात : किती पास झेलले, त्या झेलांतून किती यार्ड मिळाले आणि त्यांतले किती झेल टचडाउनपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अखेरच्या रेषेपार, पोहोचले. या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, अर्थात एनएफएल. तिची अधिकृत आकडेवारी १९३२ च्या हंगामापासून सुरू होते. त्या नोंदींत कारकिर्दीच्या तिन्ही याद्यांच्या शिखरावर एकच नाव आहे, जेरी राइस : १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, १९७ टचडाउन. यार्डांचे मीटर केले तर हे अंतर जवळजवळ २१ किलोमीटर, म्हणजे अर्धमॅरेथॉनइतके भरते. आणि ते सारे त्याला अडवण्यासाठीच मैदानात उतरलेल्या माणसांमधून वाट काढत मिळवलेले आहे. अशा आकड्यांचा अर्थ लावताना ते कोणत्या नियमांखाली, किती सामन्यांच्या हंगामात आणि कोणाच्या फेकीवर जमले, हे पाहावे लागते.

आधी मोजणीविषयी. एनएफएलमध्ये झेल पूर्ण धरला जाण्यासाठी चेंडू खेळाडूच्या ताब्यात असावा लागतो आणि त्याची दोन्ही पावले मैदानाच्या हद्दीत टेकावी लागतात. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एक पाऊल पुरते. वाचायला सोपा वाटणारा हा नियम प्रत्यक्षात फार वादग्रस्त ठरला. २०१० च्या पहिल्याच सामन्यात डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने शिकागोविरुद्ध अखेरच्या क्षणी घेतलेला झेल बाद ठरला, कारण उठताना त्याच्या हातातला चेंडू जमिनीला लागून सुटला होता. जानेवारी २०१५ मध्ये डॅलस काउबॉइजच्या डेझ ब्रायंटचा ग्रीन बेमधला झेल जवळपास अशाच कारणाने नाकारला गेला आणि त्या निकालाची चर्चा वर्षानुवर्षे चालली. शेवटी २०१८ मध्ये लीगने झेलाची व्याख्याच नव्याने लिहिली. झेल म्हणजे काय हेच काळानुसार बदलत असेल, तर झेलांची बेरीजही त्या-त्या काळाच्या व्याख्येवर उभी असते.

यार्ड मोजले जातात ते चाल जिथून सुरू झाली त्या रेषेपासून. चेंडू हवेतून जितका पुढे गेला ते अंतर आणि झेलल्यानंतर खेळाडू जितका धावला ते अंतर, दोन्ही रिसीव्हरच्याच खात्यावर जमा होतात. त्यामुळे चाळीस यार्डांवर झेप घेऊन पकडलेला पास आणि दोन यार्डांवर पकडून अडतीस यार्ड पळवलेला पास नोंदवहीत सारखेच दिसतात. बचावपटूने झेलणाऱ्याला नियमबाह्य अडवले तर संघाला दंडाचे यार्ड मिळतात, पण ते रिसीव्हरच्या नावावर लागत नाहीत. उलट, सहकाऱ्याने झेललेला चेंडू मागे किंवा बाजूला टाकून दुसऱ्याकडे दिला, तर त्या दुसऱ्याला एकही झेल नसताना यार्ड मिळू शकतात. आणखी एक बाब : लीगच्या परंपरेनुसार हंगामाचा अव्वल रिसीव्हर झेलांच्या संख्येवर ठरतो, यार्डांवर नाही. सामन्यावरचा परिणाम पाहता यार्ड अधिक बोलका आकडा आहे. पण झेल मोजायला सोपे, आणि जुन्या काळी सोपे तेच टिकले. या साऱ्या नोंदी नियमित हंगामाच्या असतात. बाद फेरीचे सामने वेगळ्या खात्यात जातात.

पुढे पास फेकणे १९०६ मध्ये महाविद्यालयीन खेळात कायदेशीर झाले, पण पहिली काही दशके ते अडीअडचणीचे हत्यारच राहिले. चेंडू गुबगुबीत होता आणि एका हाताने लांब, अचूक फेकणे अवघड होते. व्यावसायिक खेळात १९३३ पर्यंत पास फेकणाऱ्याला चालीच्या रेषेच्या किमान पाच यार्ड मागे राहावे लागे. त्या वर्षी ही अट गेली, पुढच्या वर्षी चेंडूचा घेर कमी झाला. १९३२ च्या अव्वल रिसीव्हरने, न्यूयॉर्क जायंट्सच्या रे फ्लॅहर्टीने, अख्ख्या हंगामात २१ पास झेलले होते. आज एखादा चांगला रिसीव्हर तेवढे तीन सामन्यांत झेलतो.

या पार्श्वभूमीवर १९३५ मध्ये अलाबामा विद्यापीठाचा डॉन हटसन ग्रीन बे पॅकर्सकडे आला. शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच चालीला त्याने आर्नी हर्बरचा पास पकडून ८३ यार्डांचा टचडाउन केला; तो सामना पॅकर्सनी ७–० असा जिंकला. प्रशिक्षक कर्ली लॅम्बो यांनी पासवर आधारलेले आक्रमण उभारले आणि हटसन त्याचा कणा झाला. ठरलेल्या वळणांनी धावत बचावपटूला चुकवायचे आणि चेंडू येईल तिथे आधीच पोहोचायचे, ही रिसीव्हरची कला त्याने जवळजवळ एकट्याने घडवली. अकरा हंगामांत तो आठ वेळा झेलांत, सात वेळा यार्डांत आणि नऊ वेळा टचडाउनमध्ये लीगमध्ये पहिला आला. त्या काळी खेळाडू आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळत. बचावात हटसनने प्रतिस्पर्ध्यांचे ३० पास हिरावून घेतले, शिवाय तो संघासाठी किकही मारत असे.

१९४२ चा त्याचा हंगाम स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. अकरा सामन्यांत ७४ झेल, १,२११ यार्ड, १७ टचडाउन. झेलांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूकडे २७ झेल होते आणि यार्डांत दुसरा आलेला हटसनच्या निम्म्यावरही पोहोचला नव्हता. महायुद्धामुळे अनेक चांगले खेळाडू सैन्यात गेले होते आणि स्पर्धा पातळ झाली होती, असा आक्षेप घेतला जातो. तो चुकीचा नाही. पण हटसन युद्धाआधी १९३६, १९३७ आणि १९३९ मध्येही झेलांत पहिला होता, हे त्या आक्षेपात सुटून जाते. १९४५ अखेर तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४८८ झेल, ७,९९१ यार्ड आणि ९९ टचडाउन होते. झेलांत त्याच्यामागे असलेल्या जिम बेंटनकडे १९० होते. समकालीनांपासून इतके अंतर नंतर कोणत्याही रिसीव्हरला राखता आले नाही, राइसलाही नाही. प्रत्येक सामन्यामागे टचडाउन मोजले तरी हटसन ०.८५ वर आहे आणि राइस ०.६५ वर. एखादा खेळाडू आपल्या काळाच्या किती पुढे होता एवढेच विचारायचे असेल, तर पहिला मान हटसनचाच.

त्याचे विक्रम एकाच वेळी पडले नाहीत, आणि कोणता आधी पडला यातून खेळ कसा बदलला ते कळते. झेल आणि यार्ड हे दोन विक्रम १९६३ मध्ये बिली हाउटनने मागे टाकले (५०३ झेल, ८,४५९ यार्ड). त्यानंतर झेलांचा विक्रम हातोहात पुढे सरकत गेला : बाल्टिमोर कोल्ट्सचा रेमंड बेरी ६३१, डॉन मेनार्ड ६३३, चार्ली टेलर ६४९, चार्ली जॉइनर ७५०, सीॲटल सीहॉक्सचा स्टीव्ह लार्जेंट ८१९. १९९२ मध्ये वॉशिंग्टनच्या आर्ट मंकने लार्जेंटला गाठले आणि १९९५ मध्ये राइसने मंकला. बेरी, मेनार्ड आणि टेलर यांच्या आकड्यांतला फरक पाहिला तर त्या पिढीची मर्यादा कुठे होती ते समजते : सहाशेच्या थोडे पुढे गेले की शरीर थकत असे. हटसनचा ९९ टचडाउनचा विक्रम मात्र तब्बल ४४ वर्षे टिकला. १९८९ च्या डिसेंबरमध्ये, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या लार्जेंटने शंभरावा टचडाउन झेलला तेव्हा तो मोडला. झेल वाढवता येतात ते लहान पासांनी आणि लांबलेल्या हंगामाने. टचडाउनसाठी शेवटची रेषा गाठावी लागते, आणि तिथे मैदान आखूड पडून बचाव दाट होतो.

हंगामाची लांबी हा या साऱ्या हिशेबातला मोठा घटक आहे. हटसनच्या विक्रमी हंगामात अकरा सामने होते. एनएफएलने १९६१ मध्ये चौदा, १९७८ मध्ये सोळा आणि २०२१ मध्ये सतरा सामने केले. नियमांचा वाटा त्याहूनही मोठा. सत्तरच्या दशकात बचावपटू रिसीव्हरला मैदानभर धक्के देत अडवू शकत, आणि पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट त्यात इतका तरबेज होता की १९७८ मध्ये आलेला नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो : चालीच्या रेषेपासून पाच यार्डांपुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही. त्याच वर्षी आक्रमक फळीतल्या खेळाडूंना उघड्या हातांनी प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची मुभा मिळाली, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, क्वार्टरबॅकला, जास्त वेळ मिळाला. २००४ पासून पाच यार्डांच्या नियमाची अंमलबजावणी आणखी कडक झाली. १९७८ नंतरच्या वर्षांत सॅन डिएगोत प्रशिक्षक डॉन कोरियल यांनी लांब पासांचे आणि सॅन फ्रान्सिस्कोत बिल वॉल्श यांनी आखूड, अचूक, वेळेवर बांधलेल्या पासांचे आक्रमण रूढ केले. वॉल्श यांच्या पद्धतीत लहान पास जणू चेंडू घेऊन धावण्याचीच जागा घेत असे. १९३० च्या दशकात दहांपैकी चार पाससुद्धा पूर्ण होत नसत. आता सहांहून अधिक होतात.

एका हंगामातील झेलांचा विक्रम या बदलांची जिवंत नोंद ठेवतो. हटसनच्या ७४ नंतर लॉस एंजेलिस रॅम्सच्या टॉम फिअर्सने १९५० मध्ये ८४ पर्यंत मजल मारली. शंभराचा टप्पा गाठण्याचा पहिला मान प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या लायनेल टेलरला १९६१ मध्ये मिळाला; ही लीग पुढे १९७० मध्ये एनएफएलमध्ये विलीन झाली आणि तिच्या नोंदीही मुख्य वहीत आल्या. ह्यूस्टनच्या चार्ली हेनिगनने १९६४ मध्ये १०१ झेल घेतले आणि हा विक्रम वीस वर्षे टिकला. मंकने १९८४ मध्ये १०६ केले. मग नव्वदच्या दशकात जणू बांध फुटला : स्टर्लिंग शार्प १०८ आणि पुढच्याच वर्षी ११२, क्रिस कार्टर १२२, हर्मन मूर १२३, हे सारे १९९२ ते १९९५ या चार हंगामांत. २००२ मध्ये इंडियानापोलिसच्या मार्व्हिन हॅरिसनने एकदम वीसने उडी घेऊन हा विक्रम १४३ वर नेला. त्यामागे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगशी जमलेली त्याची जोडी होती. दोघांनी मिळून नियमित हंगामांत ११२ टचडाउन केले. २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सच्या मायकल थॉमसने १४९ झेल घेतले. त्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्रीस अंगठ्याच्या दुखापतीने पाच सामने बाहेर होता, तरी थॉमसचा ओघ थांबला नाही. मात्र त्याच्या दर झेलामागे यार्ड होते ११.६.

इथे एल्रॉय हर्शची आठवण येणे स्वाभाविक आहे. वेड्यावाकड्या धावण्यामुळे ‘क्रेझीलेग्ज’ म्हणून ओळखला जाणारा हा रॅम्सचा खेळाडू. १९५१ मध्ये त्याने बारा सामन्यांत अवघ्या ६६ झेलांतून १,४९५ यार्ड आणि १७ टचडाउन केले. दर झेलामागे साडेबावीसहून अधिक यार्ड. थॉमसने त्याच्या दुपटीहून जास्त पास झेलले, पण यार्ड जेमतेम २३० अधिक मिळवले. कारकिर्दीच्या सरासरीत किमान दोनशे झेल घेणाऱ्यांमध्ये जायंट्सचा होमर जोन्स २२.३ यार्डांसह सर्वांत पुढे आहे. टचडाउननंतर चेंडू जमिनीवर आपटण्याची प्रथा त्यानेच १९६५ मध्ये सुरू केली असे मानले जाते. आजच्या आक्रमणात अशी सरासरी कुणाला परवडणारी नाही, कारण लांब पास म्हणजे जास्त जोखीम. जुन्या रिसीव्हरला चेंडू क्वचित मिळे, पण मिळाला की तो मैदान ओलांडण्यासाठीच असे.

यार्डांच्या हंगामी विक्रमात म्हणूनच पायऱ्या कमी आणि उंच आहेत. हटसनचे १,२११, हर्शचे १,४९५, मग १९६१ मध्ये हेनिगनचे १,७४६. एकेकाळी शाळेत शिकवणाऱ्या हेनिगनचा हा विक्रम चौतीस वर्षे अबाधित राहिला. १९९५ मध्ये राइसने १,८४८ केले आणि २०१२ मध्ये कॅल्विन जॉन्सनने १,९६४. दोन हजारांना ३६ यार्ड कमी पडले. ‘मेगाट्रॉन’ या टोपणनावाने ओळखला जाणारा जॉन्सन उंच, वेगवान आणि हवेत अडवायला अशक्य होता, पण त्या आकड्याला दुसरीही बाजू आहे. लायन्सनी त्या वर्षी सोळांपैकी फक्त चार सामने जिंकले. सतत पिछाडीवर असल्याने क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला ७२७ पास फेकावे लागले, आणि एका हंगामात एवढे पास तोपर्यंत कोणीच फेकले नव्हते. इतके यार्ड असूनही जॉन्सनचे टचडाउन पाचच. संघाच्या दुबळेपणाने रिसीव्हरचा आकडा फुगतो हे खरे. दोन-तीन बचावपटू एकट्याच्या मागे लावूनही तो थांबला नाही, हेही तितकेच खरे.

२०२१ मध्ये रॅम्सच्या कूपर कपने १,९४७ यार्ड केले. सतरावा सामना त्याच वर्षी आला होता. सोळा सामन्यांनंतर तो १,८२९ वर होता, म्हणजे जॉन्सनपासून बराच दूर. सामन्यामागची सरासरी पाहिली तर क्रमच बदलतो : कप ११४.५, जॉन्सन १२२.८, हर्श आणि हेनिगन १२४ च्या पुढे. या सर्वांच्या वर आहे तो १९८२ मधला सॅन डिएगो चार्जर्सचा वेस चँडलर. खेळाडूंच्या संपामुळे त्या वर्षी हंगाम नऊ सामन्यांचा झाला. त्यातल्या आठ सामन्यांत चँडलरने १,०३२ यार्ड, म्हणजे सामन्यामागे १२९ यार्ड मिळवले. क्रिकेटमध्ये एकूण धावा आणि सरासरी यांना वेगवेगळे वजन असते हे वाचकांना माहीत आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये सरासरीला ती प्रतिष्ठा अजून मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी.

टचडाउनच्या हंगामी विक्रमातही हाच पेच आहे. हटसनचे १७ हर्शने आणि १९६१ मध्ये बिल ग्रोमनने गाठले, पण ओलांडले ते मायामीच्या मार्क क्लेटनने १९८४ मध्ये, १८ करून. राइसने १९८७ मध्ये २२ केले. त्या वर्षीही संप होता आणि तो फक्त बारा सामने खेळला. २००७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या रँडी मॉसने टॉम ब्रेडीच्या पासांवर सोळा सामन्यांत २३ केले, आणि त्या संघाने नियमित हंगामातला एकही सामना गमावला नाही. विक्रम मॉसचा आहे. कामगिरी मात्र राइसची मोठी मानावी लागते.

झेल, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत एकाच हंगामात पहिले येणे फार दुर्मीळ आहे. १९७० च्या विलीनीकरणानंतर २०२४ पर्यंत पाचच जणांना ते जमले : राइस १९९०, शार्प १९९२, कॅरोलायनाचा स्टीव्ह स्मिथ २००५, कप २०२१ आणि सिनसिनाटीचा जमार चेस २०२४. कपने त्याच मोसमात सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळवला. चेसच्या १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउनच्या वर्षी त्याचा संघ बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही.

राइसच्या कारकिर्दीकडे या सगळ्यानंतर पाहिले तर तिचे खरे स्वरूप दिसते. १९६२ मध्ये जन्मलेला राइस मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड या लहान गावात वाढला. वडील गवंडी होते आणि त्यांच्या हाताखाली विटा झेलताना मुलाचे हात तयार झाले, असे तो स्वतः सांगत आला आहे. मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या विद्यापीठातून १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी त्याला सोळाव्या क्रमांकावर निवडले. पुढे वीस हंगाम, ३०३ सामने. आधी जो मॉन्टाना आणि मग स्टीव्ह यंग असे दोन थोर क्वार्टरबॅक त्याला मिळाले, हे त्याचे भाग्य. पण भाग्याने फक्त सुरुवातीचा हिशेब जुळतो. १९९२ च्या मोसमात त्याने तिशी गाठली आणि त्या मोसमाअखेर त्याचे १०,२७३ यार्ड होते. उरलेले १२,६२२ यार्ड त्यानंतरचे. कॅल्विन जॉन्सनने तिशीतच निवृत्ती घेतली तेव्हा त्याची संपूर्ण कारकीर्द ११,६१९ यार्डांची होती. म्हणजे राइसच्या कारकिर्दीचा केवळ उत्तरार्ध वेगळा काढला तरी तो जॉन्सनच्या पुढे जातो. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले, डिसेंबरमध्ये तो परतला आणि त्याच सामन्यात गुडघ्याची वाटी तुटली. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा १,१५७ यार्ड केले. लागोपाठ २७४ सामन्यांत किमान एक झेल, हाही त्याचाच विक्रम.

त्याच्या मागे असलेल्यांत ॲरिझोना कार्डिनल्सचा लॅरी फिट्झजेराल्ड सर्वांत जवळचा : १,४३२ झेल, १७,४९२ यार्ड. सतरा हंगाम तो एकाच संघाकडे राहिला आणि त्यातली बरीच वर्षे सामान्य क्वार्टरबॅकांच्या फेकी सावरण्यात गेली, हे ध्यानात घेतले तर त्याचे दुसरे स्थान अनेक पहिल्या स्थानांपेक्षा मोलाचे ठरते. तरीही राइस ५,४०३ यार्डांनी पुढे आहे. यार्डांत नंतर टेरेल ओवेन्स (१५,९३४), मॉस (१५,२९२) आणि आयझॅक ब्रूस (१५,२०८) येतात. टचडाउनमध्ये मॉस १५६, ओवेन्स १५३, कार्टर १३०, हॅरिसन १२८. मॉसने पदार्पणाच्याच हंगामात, १९९८ मध्ये, १७ टचडाउन केले होते. सरळ रेषेत धावून वरून चेंडू काढण्यात त्याची बरोबरी करणारा झाला नाही, असे मानणारे जाणकार पुष्कळ आहेत.

एका सामन्याच्या विक्रमांवर फार भर देण्यासारखे नाही, कारण एक दिवस कोणाचाही असू शकतो. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये रॅम्सच्या फ्लिपर अँडरसनने सेंट्सविरुद्ध ३३६ यार्ड केले, तेही जादा वेळ धरून. नियमित वेळेतला उच्चांक जॉन्सनचा आहे : २०१३ मध्ये डॅलसविरुद्ध ३२९. झेलांत टॉम फिअर्सचे १८ पन्नास वर्षे टिकले. ओवेन्सने २००० मध्ये २० घेतले आणि २००९ मध्ये डेन्व्हरच्या ब्रँडन मार्शलने २१. एका सामन्यात पाच टचडाउन झेलणारे तिघे आहेत, बॉब शॉ, केलन विन्स्लो आणि राइस. एकच विक्रम असा आहे की तो मोडणे नियमानेच अशक्य : ९९ यार्डांचा टचडाउन पास. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या अँडी फार्कसने तो पहिल्यांदा झेलला आणि नंतर बऱ्याच जणांनी त्याची बरोबरी केली.

रिसीव्हिंग केवळ कडेला उभ्या राहणाऱ्या वाइड रिसीव्हरचे काम नाही. आक्रमक फळीच्या टोकाला उभा राहणारा टाइट एंड पूर्वी मुख्यतः अडवण्यासाठी असे. टोनी गोन्झालेझने १,३२५ झेल आणि १५,१२७ यार्ड करून ती समजूत बदलली. झेलांच्या सर्वकालीन यादीत तो तिसरा आहे आणि डॅलसचा टाइट एंड जेसन विटन १,२२८ झेलांसह चौथा. कॅन्सस सिटीच्या ट्रॅव्हिस केल्सीने २०२० मध्ये १,४१६ यार्ड केले. २०२४ मध्ये रेडर्सच्या ब्रॉक बॉवर्सने ११२ झेल घेऊन नवोदितांचा विक्रम केला, आणि तोही टाइट एंडच. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचाही यात वाटा आहे. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा रॉजर क्रेग ९२ झेलांसह लीगमध्ये पहिला आला. धावून हजार आणि झेलून हजार यार्ड करणाराही तो पहिलाच. मार्शल फॉकने १९९९ मध्ये आणि ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये हे साधले. मॅकॅफ्रीचे त्या वर्षीचे झेल होते ११६.

बाद फेरीत राइसचे २,२४५ यार्ड आणि २२ टचडाउन २०२४ च्या मोसमाअखेर अबाधित होते. झेलांचा त्याचा १५१ चा विक्रम मात्र जानेवारी २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या मैदानावर केल्सीने मोडला. एकाच बाद फेरीपुरते बोलायचे तर फिट्झजेराल्डची २००८ च्या मोसमातली कामगिरी अजोड आहे : चार सामन्यांत ५४६ यार्ड आणि सात टचडाउन.

आता राइसला कोण गाठेल, हा प्रश्न दर पिढीत विचारला जातो. टँपा बेच्या माइक इव्हान्सने २०२४ मध्ये सलग अकराव्या हंगामात हजार यार्ड पूर्ण केले आणि राइसच्या १९८६ ते १९९६ या मालिकेशी बरोबरी केली. शेवटचे यार्ड त्याला अखेरच्या सामन्याच्या अगदी शेवटच्या चालीत मिळाले. मिनेसोटाच्या जस्टिन जेफरसनची सुरुवात तर राइसपेक्षाही वेगवान आहे. पहिल्या पाच हंगामांत, २०२० ते २०२४, त्याने ७७ सामन्यांतून ७,४३२ यार्ड केले. एवढे यार्ड पहिल्या पाच हंगामांत दुसऱ्या कोणीही केलेले नाहीत; राइसचे तेव्हा ६,३६४ होते. तरीही पुढचा हिशेब कठीण आहे. २०२४ नंतर दरवर्षी १,४०० यार्ड धरले तर जेफरसनला आणखी जवळपास अकरा पूर्ण हंगाम लागतील आणि तो छत्तीस वर्षांचा होईल. अधूनमधून दुखापतीचे एखादे वर्ष येणारच. २०२३ मध्ये तसे आलेही आणि त्याचे सात सामने हुकले. तेव्हा राइसच्या जवळ जाण्यासाठी तिशीनंतरही राइससारखेच खेळावे लागेल. राइस २००२ च्या ऑक्टोबरमध्ये चाळीस वर्षांचा झाला. तो तेव्हा ओकलंड रेडर्सकडे होता आणि त्याचा संघ त्या मोसमात सुपर बोलपर्यंत गेला. नियमित हंगामात त्याने ९२ पास झेलले आणि १,२११ यार्ड केले : बरोबर साठ वर्षांपूर्वी, आपल्या सर्वोत्तम वर्षी, एकोणतीस वर्षांच्या डॉन हटसनने केले होते तितकेच.